झोप फुकट असली की विझर्ड भारी पडतो: एका टेबलाचं प्रकरण

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र चालवायचं, आणि डीएम (डंजन मास्टर) कथा, जग आणि शत्रू सांभाळतो. विझर्ड म्हणजे जादूगार, फायटर म्हणजे शस्त्रानं लढणारा योद्धा. तक्रार फायटर चालवणाऱ्याची होती आणि अगदी साधी होती: "विझर्ड फार भारी आहे. माझी पाळी येईपर्यंत मारायला काही उरतच नाही." त्याच सुमारास वॉरलॉक (हाही जादू करणाराच) चालवणारीनं डीएमला बाजूला घेऊन विचारलं, पात्र बदललं तर चालेल का? तिला सॉर्सरर, म्हणजे आणखी वेगळ्या प्रकारचा जादूगार, हवा होता. नेमानं भेटणाऱ्या, एकमेकांना चांगलं ओळखणाऱ्या गटात अशा दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की डीएमनं कान टवकारायला हवेत. आमच्या डीएमनं टवकारले. पण आधी त्यानं जे उपाय केले त्यांनी दुखणं वाढलं, आणि शेवटी जो उपाय लागू पडला त्यात विझर्डच्या ताकदीला कुणी हातही लावला नाही.

मी या टेबलावर चोर चालवते. चोराचं विश्रांतीवाचून फारसं अडत नाही. स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेला जबर वार, दिवसातल्या पहिल्या लढाईत मिळतो तसाच सातव्या लढाईतही मिळतो. त्यामुळे या वादात माझा हितसंबंध नव्हता. शिवाय गटाची नोंदवही माझ्याकडे असते, आणि या प्रकरणाचा उलगडा बराचसा त्या वहीतून झाला.

टेबल

डीएम धरून आम्ही सहा जण. पात्रं पाच: विझर्ड, पॅलाडिन (शपथबद्ध धर्मयोद्धा), फायटर, वॉरलॉक आणि चोर. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या पुस्तकांतले. २०२४ची सुधारित पुस्तकं आली तेव्हा कॅम्पेन, म्हणजे आमची लांबलचक कथा, ऐन रंगात होतं, म्हणून जुन्याच नियमांवर पुढे जायचं ठरलं.

कथा एका बुडालेल्या मठाची. वरचे मजले पडके, खालची तळघरं अर्धी पाण्यात. तिथे एका पंथानं ठाण मांडलेलं आणि त्यांच्या ताब्यात आसपासच्या वस्तीतले कैदी. चौथ्या लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी) सगळं सुरळीत होतं. पाचव्या लेव्हलला विझर्डवालीनं आपल्या स्पेलबुकात दोन नवे स्पेल (मंत्र) उतरवले: फायरबॉल आणि लिओमंड्स टायनी हट. तक्रारी सुरू झाल्या त्या यानंतरच.

सगळ्यांची नजर साहजिकच फायरबॉलवर गेली. २० फूट त्रिज्येचा आगीचा गोळा, आत सापडलेल्या प्रत्येकाला ८डी६ (सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज) डॅमेज, म्हणजे सरासरी २८. सेव्ह (बचावाचा फासा) जमला तरी निम्मं बसतंच. टेबलावर कुणीतरी आठ फासे मुठीत खुळखुळवतंय हे दृश्यच असं असतं की बाकीच्यांना आपला एकुलता डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, केविलवाणा वाटावा.

टायनी हटकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही. हा १० फूट त्रिज्येचा घुमट, एका जागी उभा राहणारा, आठ तास टिकणारा. स्पेल टाकताना जे आत असतात ते हवं तेव्हा आतबाहेर करू शकतात, इतरांना प्रवेश नाही. स्पेलही त्यातून आरपार जात नाहीत आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. वर तो रिच्युअल म्हणून करता येतो: दहा मिनिटं जास्त द्यायची, स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी शिल्लक) खर्च होत नाही. लाँग रेस्टला, म्हणजे ही शिल्लक भरून देणाऱ्या झोपेला, आठ तास लागतात आणि घुमटही आठ तास टिकतो. अंधारकोठडीच्या मधोमध, शत्रूच्या दारात, पूर्ण सुरक्षित आणि पूर्ण फुकट झोप.

नोंदवहीत काय होतं

प्रत्येक लाँग रेस्टपुढे मी वहीत एक आडवी रेघ मारते. चौथ्या लेव्हलपर्यंत दोन रेघांमध्ये तीन-चार लढाया दिसत. पाचव्या लेव्हलपासून एक, क्वचित दोन. दार उघडायचं, असेल नसेल ते सगळं ओतायचं, मागच्या खोलीत येऊन घुमट उभारायचा, झोपायचं, पुढचं दार उघडायचं. शॉर्ट रेस्टची (तासाभराच्या विश्रांतीची) नोंद तर पुढे पुढे सापडतच नाही. तासभर थांबायचंच तर आठ तास का नाही, असा सरळ हिशेब होता.

यात एक गंमत अशी, की नियमाप्रमाणे चोवीस तासांत एकाच लाँग रेस्टचा लाभ मिळतो. म्हणजे सकाळी उठून तासाभरात लढाई आटोपली, तर पुन्हा झोपण्याआधी उरलेला अख्खा दिवस कुठेतरी काढायला हवा. आमची पात्रं तो घुमटात बसून काढत होती, मध्ये घुमट संपला की पुन्हा उभारून. त्या वेळात मठात काय चाललंय असा प्रश्न ना आम्ही विचारला, ना डीएमनं. पंथाचे लोक बिचारे आपापल्या खोल्यांत आमची वाट पाहत उभे. नियमाच्या चौकटीत सगळं चोख होतं, फक्त कथेचा पार विचका झाला होता.

आता आकडे. पाचव्या लेव्हलचा विझर्ड दिवसाला नऊ स्लॉट घेऊन उठतो (स्पेललाही लेव्हल असते, वरची लेव्हल म्हणजे मोठा स्पेल): पहिल्या लेव्हलचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. शिवाय आर्केन रिकव्हरीनं दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्टनंतर, तिसऱ्या लेव्हलचा आणखी एक स्लॉट परत मिळवता येतो. फायटरचं तसं नाही. त्याची अ‍ॅक्शन सर्ज (एका पाळीत एक जादा कृती) आणि, बॅटल मास्टर या प्रकारचा फायटर असल्यामुळे, चार सुपीरिऑरिटी डाइस (वाराला जोर देणारे फासे) हे सगळं प्रत्येक शॉर्ट रेस्टला नव्यानं भरतं. वॉरलॉकचे स्लॉट दोनच, पण दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे, आणि तेही शॉर्ट रेस्टला परत येतात.

मी एक ढोबळ हिशेब मांडला. फायटरचा ग्रेटसोर्ड, ताकदीचा +४, शंभरातले ६५ वार लागतात असं धरलं, क्रिटिकल (अचूक बसलेले, दुप्पट फाशांचे वार) सोडून दिले. फायरबॉलच्या तावडीत दर वेळी चार शत्रू येतात आणि त्यातल्या निम्म्यांचा सेव्ह जमतो असं धरलं. लढाई चार फेऱ्यांची.

दिवसात एकच लढाई असेल तर: फायटर पाच वेळा अटॅक अ‍ॅक्शन घेतो, चारही डाइस उधळतो आणि सुमारे ९० डॅमेज करतो. विझर्ड दोन फायरबॉल आणि दोन स्कॉर्चिंग रे (हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल) टाकून सुमारे १९५ करतो. दुपटीहून जास्त. फायटरवाल्याची तक्रार खोटी नव्हती.

दिवसात सहा लढाया आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट असतील तर: फायटर चोवीस फेऱ्या तलवार चालवतो, तीनदा अ‍ॅक्शन सर्ज वापरतो, बारा डाइस खर्च करतो. बेरीज सुमारे ४४०. विझर्डचे तीन फायरबॉल, तीन स्कॉर्चिंग रे, चार मॅजिक मिसाइल (हा पहिल्या लेव्हलचा), आणि उरलेल्या चौदा फेऱ्या स्लॉट न लागणाऱ्या फायर बोल्टवर. बेरीज ४३५च्या आसपास. जवळजवळ बरोबरी.

वॉरलॉकचं गणित तर आणखी बोलकं. पहिल्या तऱ्हेच्या दिवशी तिचे मोठे स्पेल दोन, विझर्डचेही तिसऱ्या लेव्हलचे दोन, आणि विझर्डकडे वर आणखी सात स्लॉट. दुसऱ्या तऱ्हेच्या दिवशी वॉरलॉककडे तिसऱ्या लेव्हलचे सहा, विझर्डकडे तीन. तिला सॉर्सरर का हवा होता ते इथे कळतं. तिचं पात्र ज्या दिवसासाठी बनवलेलं आहे तो दिवस आमच्या टेबलावर उगवतच नव्हता.

हे आकडे म्हणजे काही गुपित नव्हे. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये दिवसाला मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढाया आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरल्या आहेत. पाचव्या लेव्हलच्या पात्रासाठी दिवसाची तजवीज ३,५०० एक्सपीची (अनुभवाचे गुण, यांतच लढाईची अवघडता मोजतात), आणि मध्यम लढाई पात्रामागे ५०० एक्सपीची, म्हणजे अशा सात. पण हा मजकूर बहुतेक डीएम एकदा वाचून विसरतात. दर दिवशी सात लढाया कोण बसवणार!

आधीचे उपाय

डीएमनं पहिल्यांदा शत्रूंचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, वाढवले. फायरबॉलनं मरणारे आता मरेनात. पण मग फायटरलाही एकेक जण पाडायला दोन फेऱ्या जास्त लागू लागल्या आणि चार शत्रूंना एकदम भाजणाऱ्याचं महत्त्व उलट वाढलं.

मग आगीला दाद न देणारे शत्रू आले. लागोपाठ दोन सेशनांत. विझर्डवालीनं विचारलं, "माझ्यावर राग काढतोयस का?" तो नव्हता काढत, पण दिसत तसंच होतं. पुढे काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल) टाकणारा पुजारी आला, तोही त्याच पठडीतला.

तिसरी गोष्ट मुळावर येणारी होती. एकाच लढाईत आम्ही सगळं ओततो हे पाहून त्यानं ती एक लढाई जीवघेणी केली. पाच पात्रांसाठी मध्यम लढाई २,५०० एक्सपीची, जीवघेणी ५,५००ची. अशा लढाईतून जिवंत बाहेर आल्यावर शहाणा माणूस काय करेल? झोपेल. आणि एक झोप म्हणजे एकच लढाई हे पक्कं झालं की त्या लढाईत हात राखायचं कारण उरत नाही. लढाई जितकी अवघड, तितकी झोप शहाणपणाची; झोप जितकी पक्की, तितकी उधळण मोकळी; आणि उधळण पाहून डीएम पुढची लढाई आणखी अवघड करणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तोही बंब रॉकेलचा.

घुमटाबाहेर दबा धरून बसलेले शत्रूही आणून झाले. आम्ही आतून त्यांच्याकडे पाहत आठ तास काढले आणि ताजेतवाने होऊन बाहेर पडलो. एकदा डिस्पेल मॅजिकनं, म्हणजे जादू मोडणाऱ्या स्पेलनं, घुमट फोडला गेला. नियमात बसत होतं, पण त्या मजल्यावर डिस्पेल मॅजिक जाणणारा कुणी असल्याची चाहूल आधी कुठेच दिली नव्हती. त्या रात्री टेबलावर फार कुणी हसलं नाही.

बसून बोलणं

एक सेशन न खेळता बोलण्यात घालवलं. हा निर्णय डीएमचा, आणि या प्रकरणातला त्याचा सगळ्यात चांगला निर्णय. मी वहीतल्या रेघा आणि वरचा हिशेब पुढे ठेवला.

विझर्डवाली म्हणाली, "मी नियम मोडत नाहीये. झोप फुकट आहे आणि स्लॉट उद्या परत येणारेत, तर मी ते राखून का ठेवू? मेले असते तर 'राखून ठेवले म्हणून मेलीस' म्हणाला असतात." तिचं शंभर टक्के बरोबर होतं. फायटरवाल्यानंही ते मान्य केलं, थोडं कुरकुरत.

मग पॅलाडिनचा विषय निघाला. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे सहा स्लॉट असतात. सगळे डिव्हाइन स्माइटला, म्हणजे शस्त्राच्या वारात दैवी जोर ओतायला, लावले तर १४डी८, सरासरी ६३ जादा डॅमेज, आणि तेही एका शत्रूवर एकवटून. एका लढाईच्या दिवसाचा फायदा तोही विझर्डइतकाच उपटत होता. त्याच्याबद्दल एका शब्दानं कुणी तक्रार केली नव्हती. तलवारीनं मारलं की टेबल टाळ्या वाजवतं आणि स्पेलनं मारलं की 'भारी आहे' म्हणतं, हे मी बऱ्याच टेबलांवर पाहिलं आहे.

पर्याय बरेच निघाले. टायनी हटवर बंदी घालावी, हा पहिला. तो लगेच बाद झाला: तिनं कायदेशीर निवडलेला स्पेल हिसकावणं बरं नव्हे, आणि घुमट नसता तर आम्ही वर उघड्यावर जाऊन झोपलो असतो, इतकंच.

डंजन मास्टर्स गाइडमधला 'ग्रिटी रिअ‍ॅलिझम' हा पर्यायी नियम फायटरवाल्याला आवडला. त्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची होते. प्रवासाच्या किंवा राजकारणाच्या कॅम्पेनमध्ये तो झकास बसतो, कारण तिथे दोन लढायांमध्ये दोन-तीन दिवस सहज जातात. पण आम्ही तळघरात होतो. तिथे आठवडाभर झोपायचं म्हणजे डंजन सोडून बाहेर जाणं आलं. शिवाय मेज आर्मरसारखे आठ तास टिकणारे स्पेल, जे एरवी दिवसभर पुरतात, ते दोन विश्रांतींच्या मध्येच संपणार. नियम विश्रांतीचा बदलतो, स्पेलचे कालावधी मात्र तेच राहतात.

२०१३च्या 'थर्टीन्थ एज'चा तोडगाही पुढे आला. त्या खेळात पूर्ण विश्रांती घड्याळावर नाही, लढायांवर मोजतात: चार लढाया झाल्या की सगळं भरून मिळतं, त्याआधी हवं असेल तर कथेत काहीतरी गमवावं लागतं. वॉरलॉकवाली खूश. विझर्डवालीला पटेना: माझं पात्र चौथ्या लढाईपर्यंत झोपू शकत नाही, ते का? याला उत्तर आहे, पण ते कथेतलं नाही, खेळाच्या रचनेतलं आहे, आणि तिला कथेतलं हवं होतं.

जुन्या खेळात हा प्रश्न का नव्हता, हे इथे सांगायला हवं. याच खेळाच्या १९८१च्या बेसिक नियमांत डंजनमधला वेळ दहा मिनिटांच्या 'टर्न'मध्ये मोजला जाई. दर दोन टर्नला डी६ टाकायचा, १ आला की भटका राक्षस हजर. मशाल सहा टर्न जळायची. तिथे थांबणं हाच खर्च होता. खेळाचा सहनिर्माता गॅरी गायगॅक्सनं १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये वेळेची काटेकोर नोंद ठेवण्यावर एवढा जोर दिला होता तो उगाच नाही. मग तीच भटक्या राक्षसांची फेरी का नको? कारण त्या खेळात लढाई झटपट उरकत असे आणि पाचव्या आवृत्तीत आमची साधी लढाईही पाऊण तास खाते. कथेशी संबंध नसलेल्या टोळीशी लढण्यात सेशनचा पाव भाग घालवायला कुणी तयार नव्हतं.

घड्याळ

ठरलं ते असं. डीएमनं एका कार्डावर गोल काढून त्याचे आठ भाग केले आणि ते कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवलं. हे साधन 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळामध्ये (२०१०) होतं आणि जॉन हार्परच्या 'ब्लेड्स इन द डार्क'नं (२०१७) ते घरोघरी पोचवलं. लाँग रेस्ट घेतली की दोन भाग रंगवायचे. मोठा आवाज झाला, धोक्याचा इशारा गेला, तर एक. दिवसातल्या पहिल्या दोन शॉर्ट रेस्ट फुकट, हे मुद्दाम. त्याशिवाय त्या कुणी घेतल्याच नसत्या. डीएमच्या पहिल्या मसुद्यात फायरबॉलचा आवाज वेगळा मोजला होता. विझर्डवालीनं नुसती भुवई उंचावली आणि नियम बदलला: कुऱ्हाडीनं दार फोडलं तरी तोच एक भाग.

दर दोन भागांना मठात काहीतरी बदलणार हे आम्हाला माहीत होतं. काय बदलणार ते खेळताना हेरून, कुणाला बोलतं करून आधी कळू शकत होतं. (माझ्या चोराला यातून पोटापुरतं काम मिळालं.) पुढे उघड झालेली यादी अशी होती: दोनला पहारे दुप्पट; चारला कैदी खालच्या मजल्यावर; सहाला पंथ बांधाचं दार उघडतो आणि पूर्वेचा जिना पाण्याखाली जातो; आठला सगळे होड्यांतून निसटतात, हवी ती वस्तू घेऊन.

यातली खुबी शेवटच्या भागात नाही, मधल्या भागांत आहे. 'आठव्या दिवशी जगबुडी' असं नुसतं म्हटलं तर खेळाडू बरोबर सातव्या दिवसापर्यंत झोपतात, कारण डीएम स्वतःच्या जगाला बुडवणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. आणि जगबुडी खरंच आली तर कॅम्पेन संपतं. इथे प्रत्येक झोपेची किंमत लहान होती, परवडणारी होती आणि खरोखर वसूल होणार होती.

लढायाही बदलल्या. जीवघेणी एक न ठेवता मध्यम, कधी कठीण, अशा अनेक. काही अडथळ्यांत लढाईच नव्हती: गुडघाभर पाण्यातून गेलेला भुयारी रस्ता, कुलूपबंद लोखंडी दार, कोसळता कठडा. तिथेही स्लॉट खर्च होतात, आणि दहा मिनिटांत उरकतं.

व्यवहारात सगळ्यात जास्त अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आमचं सेशन चार तासांचं, त्यात दोन-तीन लढाया बसतात. म्हणजे खेळातला एक दिवस दोन-तीन सेशन चालणार. पण सेशन संपलं की झोप झाली, पुढच्या वेळी सगळे ताजे, ही सवय आमच्या हाडीमाशी खिळलेली होती. मधल्या काळात किती स्लॉट उरलेत, किती हिट डाइस (शॉर्ट रेस्टमध्ये जखमा भरायचे फासे), अ‍ॅक्शन सर्ज वापरली की नाही, हे कुणाला आठवायचं नाही, आणि आठवणीची चूक दर वेळी स्वतःच्या बाजूनंच व्हायची. शेवटी प्रत्येकानं एका कार्डावर शिल्लक लिहून डीएमकडे द्यायची, अशी शिस्त लावली. कंटाळवाणं काम आहे. पण हे कार्ड नसेल तर घड्याळाचा उपयोग शून्य.

मग काय झालं

घड्याळाखालचा पहिला दिवस तीन सेशन चालला. तिसऱ्या सेशनच्या मध्यावर आम्ही एका अर्धवट पडलेल्या पुलाशी पोचलो. तोवर विझर्डकडे दुसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट आणि फायर बोल्ट, पॅलाडिनकडे पहिल्या लेव्हलचा एक. फायटर नुकत्याच झालेल्या शॉर्ट रेस्टमुळे भरलेला. तो पुलाच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्यानं कुणाला पुढे येऊ दिलं नाही. वॉरलॉकनं पलीकडच्या काठावर हंगर ऑफ हादर टाकला, म्हणजे त्या काठावरचे सगळे काळोखात आंधळे. तिचा त्या दिवसातला तो पाचवा मोठा स्पेल होता. सहावा शिल्लक होता. सॉर्सररचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुलानंतर विझर्डवालीनं झोप मागितली. घड्याळ दोनवर होतं, झोपेनं चारवर जाणार होतं, आणि चारला काय होतं ते मी एका पहारेकऱ्याचं बोलणं चोरून ऐकल्यामुळे आम्हाला ठाऊक होतं. अर्धा तास पात्रांच्या तोंडून वाद झाला. पॅलाडिनची शपथ, विझर्डची थकलेली बोटं, फायटरचं 'मी अजून उभा आहे'. आम्ही झोपलो. कैदी खाली गेले. डीएमला कुणी बोल लावला नाही, कारण किंमत आधी सांगितलेली होती आणि आम्ही ती मोजून दिली होती.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. विझर्डवाली सुरुवातीला कमालीची चिकट झाली. पुढचं माहीत नाही म्हणून ती स्लॉट धरून बसायची, आणि एका दिवसाच्या शेवटी तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट तसाच राहिला. "आज मी फक्त फायर बोल्ट टाकले," ती म्हणाली, आणि त्यात कौतुक नव्हतं. त्यावर डीएम प्रत्येक खेळातल्या सकाळी अंदाज देऊ लागला: आज तीन-चार अडथळे दिसताहेत, किंवा आजचा दिवस लांबेल. काहींना हे कथेबाहेरचं वाटेल. माझ्या मते अनुभवी साहसवीरांना समोरच्या वास्तूचा एवढा अदमास यायलाच हवा.

पॅलाडिनवाल्याला नवी पद्धत आवडली नाही आणि त्यानं ते लपवलंही नाही. क्रिटिकल लागला की स्माइटचे फासे दुप्पट होतात. त्या क्षणासाठी तो खेळतो, आणि आता त्या क्षणी स्लॉट शिल्लक असेल याची खात्री उरली नव्हती. त्याच्यासाठी एक तडजोड केली: प्रत्येक मोठ्या टप्प्याच्या शेवटची लढाई सगळ्यांनी पूर्ण भरलेलं असताना, हवं तितकं उधळून लढायची. एका लढाईचा दिवस वाईट नसतो. रोज तोच असला की वाईट. मठाचा शेवट आम्ही तसाच केला. घड्याळ सातवर थांबलं होतं, जिना पाण्याखाली गेला होता, आणि विझर्डनं दोन फायरबॉल टाकले तेव्हा सगळ्यात मोठ्यानं फायटरवालाच ओरडला.

फायटरवाल्याची दुसरी तक्रार तिथून पुढे आली आणि ती या घड्याळानं सुटणारी नाही. लढाई बरोबरीची झाली, पण दोन लढायांच्या मध्ये विझर्ड उडतो, अदृश्य होतो, भाषा वाचतो. फायटर दार उघडून धरतो. लेव्हल वाढेल तशी ही दरी रुंदावत जाते. २०२४च्या नियमांत यावर थोडा विचार झालेला दिसतो. तिथे फायटरला दुसऱ्या लेव्हलला टॅक्टिकल माइंड मिळतं: एखादी क्षमता-चाचणी फसली तर सेकंड विंडचा (स्वतःच्या जखमा भरायच्या फायटरच्या क्षमतेचा) एक वापर खर्चून तीत १डी१० मिळवायचा, आणि तरीही फसली तर तो वापर वाया जात नाही. वॉरलॉकलाही दिवसातून एकदा, एका मिनिटात निम्मे स्लॉट परत मिळवण्याची सोय आहे.

टॅक्टिकल माइंड तेवढं उसनं घ्यावं का, यावर आमचं बोलणं चालू आहे. डीएम तयार आहे. पॅलाडिनवाला अडून बसला होता: घ्यायचं तर नवं पुस्तक पूर्ण घ्या, निवडून निवडून नको. विझर्डवालीनं काही न बोलता नव्या पुस्तकातलं डिव्हाइन स्माइटचं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं. तिथे स्माइट हा बोनस अ‍ॅक्शननं टाकायचा स्पेल आहे, आणि अशी बोनस कृती पाळीला एकच मिळते, म्हणजे स्माइटही एका पाळीत एकच. त्यानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, निवडून घेतलं तरी चालेल.